वीस फुटी डोली

टेपाच्या वाडीत करोना पोचला की नाही, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगत नाही. त्याची समिती मात्र मार्च संपायच्या आत पोचली होती.

आंबेनळी घाटाच्या रस्त्यापासून दीड तास चढलं की ही वाडी लागते. तीस घरं. घरटी एकदोघं मुंबईला, बाकीच्यांची नाचणी-वरी आणि म्हशी. रस्ता करून द्या म्हणून वाडीने आजवर तीन निवडणुकांत अर्ज दिले होते. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच सगळ्यांच्या मनात आलं, की रस्ता झाला नाही ते एका अर्थी बरंच.

समितीचे अध्यक्ष मुरारीदादा. तीस वर्षं मुंबईच्या गोदीत मुकादमी करून परत आलेले. वय अठ्ठावन्न, त्यामुळे साठीच्या वरच्यांनी घरात बसावं हा नियम दुसऱ्यांना लावायला मोकळे. सहा फूट अंतर ही गोष्ट त्यांनी इतकी मनावर घेतली, की देवळापुढे चुन्याचे गोल, विहिरीवर गोल, आणि गुरांच्या पाणवठ्यावरही गोल. म्हशींनी ते पाळले नाहीत. पण म्हशींविरुद्ध समितीकडे कोणाची लेखी तक्रार आली नाही.

मुंबईहून आलेला माणूस चौदा दिवस शाळेत. यात आपपरभाव नाही हे दाखवायची संधी दादांना मे महिन्यात मिळाली. त्यांचीच सून समीक्षा, आठवा सरून नववा लागलेली, नालासोपाऱ्याहून पास काढून टेम्पोने आली आणि घाटातून चार तास बसत-उठत वर चढली. मुलगा साहिल औषधांच्या गोदामात कामाला, त्याला सुटी नव्हती. दादांनी सुनेला उंबरठ्यावरूनच शाळेत पाठवलं. सासू चंद्रभागा दारात उभी राहून रडली. वाडीने दादांचं कौतुक केलं. कौतुक करणाऱ्यांपैकी कोणाचीही सून पोटुशी नव्हती.

आता डोलीचं. वाडीतलं आजारी माणूस खाली नेतात ते डोलीतून. बांबूला घोंगडी बांधायची, तिच्यात माणूस निजवायचा, पुढे दोन खांदे, मागे दोन. दहा फुटांचा बांबू पुरतो. एप्रिलमध्ये येसाजीच्या वडलांना ताप भरला म्हणून त्यांना असंच खाली नेलं. दाढ सुजली होती असं निघालं. तरी खबरदारी म्हणून समितीने तो बांबू जाळला आणि नव्याचा ठराव केला. रुग्णापासून पुढचे सहा फूट, मागचे सहा फूट, मधला माणूस सहा फूट, गाठींना दोन. एकूण वीस. बेटातला सगळ्यात सरळ बांबू तोडला. चाचणी शाळेच्या मैदानात झाली. भिकू आत निजला आणि चौघांनी त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत झुलवत नेलं. टाळ्या पडल्या.

मैदानाला वळण नव्हतं, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग एका शनिवारी सकाळी उपकेंद्राची नर्स गौतमी वर आली ती समीक्षाला तपासायला. गौतमी चौतीस वर्षांची, दासगावची. तिची सात वर्षांची सेजल तिकडे आजीपाशी. दोन महिन्यांत मायलेकींची एकदाच भेट झाली होती, मध्ये अंगण ठेवून. तशी लांब उभं राहायची गोष्ट गौतमीच्या घराण्याला नवी नव्हती. तिच्या आजोबांना लोक लांब उभं करायचे तेव्हा त्याला परिपत्रक लागत नसे, आणि चौदा दिवसांनी ते संपतही नसे. वाडीत पहिल्यांदा चहा करवंटीतून पुढे आला तेव्हा दादा म्हणाले, "वापरून फेकायचं, सिस्टर. सेफ्टी." गौतमीने पोट बिघडल्याचं सांगितलं. तेव्हापासून या वाडीत तिचं पोट दर भेटीला बिघडलेलंच असे.

वर्गात समीक्षा बाकाला धरून उभी होती.

"सकाळपासून कंबर भरून येतेय, सिस्टर. मधेच जाते, मधेच येते."

"किती वाजल्यापासून?"

"म्हशी सोडल्या तेव्हापासून."

खिडकीबाहेर बनुबाई बसली होती. वाडीची जुनी सुईण, बहात्तर वर्षांची. बाळंतपणं दवाखान्यातच करायची असं ठरल्यापासून तिचं काम बंद झालं होतं, आणि साठीच्या नियमाने आता घराबाहेर पडणंही बंद. ती चुन्याच्या गोलात बसली होती. गोल तिने स्वतःच चुना आणून खिडकीखाली काढून घेतला होता.

"हाताला काय लागतंय गो?" तिने आत विचारलं.

गौतमीने समीक्षाला बाकावर निजवलं. अंगात पावसाळी रेनकोट, तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची झडप, आणि मेमधलं ऊन. तिने पोटावर हात फिरवला. वर बरगडीखाली काहीतरी गोल आणि टणक लागलं. तिने हात काढला, परत ठेवला.

"बनुबाई, डोकं वर आहे."

"नि खाली?"

"पाय."

बनुबाई उठून उभी राहिली. "पायाळू," ती म्हणाली.

"बनुबाय, गोलात बस," अंगणातून दादांचा आवाज आला.

"मी बसंन रे. तुझं नातवंड उलटं बसलंय, त्याला सांग आधी."

गौतमी बाहेर आली. पहिलटकरीण, महिना आधी, बाळ पायाकडून. इथे वर करण्यासारखं काही नव्हतं. "कळा अजून लांब लांब आहेत," ती म्हणाली. "आत्ता निघालो तर तीन तासांत महाड. डोली काढा. उशीर केला तर बाळ हाती लागणार नाही. तिचंही सांगता येत नाही."

दादांनी एवढं ऐकलं आणि समितीची शिट्टी वाजवली. राजेंद्र रेंज असलेल्या कातळावर पळाला. एकशेआठची गाडी घाटात येऊन थांबेल असा निरोप घेऊन आला. गौतमीने पिशवी तपासली. हातमोजे, धागा, पातं, नळी, इंजेक्शन. बाळाला श्वास द्यायचा फुगा नव्हता. तो एप्रिलमध्ये वरच्या ऑफिसने मागवून नेला होता. त्याची पोचपावती पिशवीत होती.

पुढे भिकू आणि राजेंद्र, मागे येसाजी आणि त्याचा भाऊ. मध्ये घोंगडीत समीक्षा. वाट रुंद असेल तिथे बाजूने गौतमी, नसेल तिथे मागे. त्यामागे शिट्टी घेऊन दादा. आणि सगळ्यांच्या मागे काठी टेकत बनुबाई.

"तुला परवानगी नाय," दादा मागे वळून म्हणाले.

"मी कुठं डोलीसंगं हाय? मी करवंदं आणाया चाललेय."

वीस फुटांचा बांबू खांद्यावर गप बसत नाही. तो नाचतो. प्रत्येक पावलाला मधली घोंगडी हातभर खाली जायची आणि हातभर वर यायची. समीक्षा दोन्ही हातांनी बांबूला लटकली होती. अर्ध्या तासात कळा दहा मिनिटांवरून पाचवर आल्या. गौतमी घड्याळ बघत होती, आणि बघून परत बघत होती.

"भिकू, आत सरका. दोन हात आत खांदा द्या, म्हणजे नाचायचा थांबेल."

भिकूने मागे पाहिलं.

"डिस्टन्स ठेव, भिकू," दादा म्हणाले. "नालासोपाऱ्यासनं आलीय ती. उद्या तुला काय झालं तर तुझी बायको माझ्या दारात येऊन बसंल. मी काय सांगू तिला?"

यात दादांचं अगदीच चुकत होतं असं नाही. भिकूच्या घरात दोन लहान पोरं आणि दम्याची आई होती. तो आत सरकला नाही. नजर मात्र त्याने वाटेवरून हलवली नाही, आणि पाय टाकायचा तो पाण्याने भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखा.

निम्म्या वाटेवर नाकाड लागतं. कातळाचं नाक पुढे आलेलं आहे, त्याला वळसा घालून वाट दुमडलेल्या कोपरासारखी वळते. डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला उतार, आणि उतारावर करवंदीच्या जाळ्या संपल्या की नुसती हवा. वाटेला कधीकाळी कोणी तीन-चार दगडी पायऱ्या बसवल्या आहेत. दहा फुटी डोली इथून वळवायची रीत आहे: पुढचे वळतात, मागचे थांबतात, मग मागचे वळतात. या रीतीवर वाडीतली तीन पिढ्यांची आजारी माणसं खाली गेली होती.

भिकू आणि राजेंद्र वळले आणि दिसेनासे झाले. मग बांबू कातळाच्या नाकाला टेकला आणि थांबला.

"पुढं चला," दादा म्हणाले.

"पुढं जागा नाय," कातळापलीकडून भिकू.

"मग मागं घ्या."

"मागं बांबू जाळीत घुसलाय, दादा," येसाजी म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळीतून रक्त येत होतं. काट्याने ओरखडली होती.

"अरे मग बाहेरच्या अंगाने घ्या. सहा फूट सोडून..."

"दादा," भिकू पलीकडून शांतपणे म्हणाला, "सहा फुटावर दरी हाय."

बांबू कातळावर घासून करकरला. मधली घोंगडी हळूहळू बाहेरच्या बाजूला झुलली. अर्धी वाटेवर, अर्धी उतारावर. समीक्षाने डोळे मिटून घेतले होते. गौतमी पुढे झाली, घोंगडी समीक्षासकट दोन्ही हातांनी कवटाळली, आणि पाठ कातळाला लावून स्वतःकडे ओढली. समीक्षाचा घामेजला चेहरा तिच्या मास्कला लागला. 

"आता खाली," ती म्हणाली. "चौघांनी मिळून. मी म्हणेन तसं. टाकायचं नाही, ठेवायचं."

डोली पायऱ्यांवर टेकली. येसाजीने कमरेचा कोयता काढला. "तोडू का, दादा?" दादांनी बांबूकडे पाहिलं. बेटातला सगळ्यात सरळ बांबू होता. "तोड," ते म्हणाले.

"थांबा," गौतमी म्हणाली. घोंगडीतून पाणी पायरीवर ओघळत होतं. "आता घाव नको. तिला हादरा नको. बांबू दाबून धरा, चौघंही. घसरला तर गाठींसकट तिला घेऊन जाईल."

चौघे दोन टोकांना बांबूवर बसले. दोघे कातळाच्या अलीकडे, काट्यांत; दोघे पलीकडे, ज्यांना काहीच दिसत नव्हतं. मध्ये उरले तिघे.

गौतमी एक पायरी खाली उतरली आणि हातमोजे चढवले. "दादा, तिच्या मागे बसा. वरच्या पायरीवर. बगलेत हात घाला आणि छातीशी धरून ठेवा. बनुबाई, तुम्ही इकडे."

बनुबाई काठी टाकून आलीसुद्धा. दादा हलले नाहीत.

लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण दादा सुनेशी समोरासमोर दहा वाक्यं बोलले नसतील. पाणी हवं असलं तरी ते चंद्रभागेला सांगत आणि चंद्रभागा सुनेला. सासऱ्याने घरात शिरताना खोकायचं, सुनेने पदर सारखा करून आत जायचं. हे अंतर कोणी चुन्याने आखलेलं नव्हतं, आणि ते आजवरच्या सगळ्या साथींपेक्षा जुनं होतं.

"दुसरं कोण नाय का?" दादांनी विचारलं.

"हाय की," बनुबाई म्हणाली. "खाली घाटात गाडीचा डायवर हाय. मार हाक."

"बाबा," समीक्षा म्हणाली, "मी घसरतेय."

दादा बसले. मुकादमीत त्यांनी पोती धरली होती, पेट्या धरल्या होत्या. माणूस कसा धरतात ते त्यांना आधी जमेना. मग समीक्षाने त्यांचं मनगट पकडलं, आणि कळ आली तेव्हा ते इतकं दाबलं की दादांना सुटायची सोय राहिली नाही.

एक पाऊल बाहेर आलं. जांभळं, करंगळीएवढ्या टाचेचं. मग दुसरं.

"ओढ गो," बनुबाई पुटपुटली, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नको, नको."

"नाही ओढायचं," गौतमी म्हणाली. पायाकडून येणाऱ्या बाळाला हात लावायचा नसतो. ओढलं की त्याचे हात वर जातात आणि डोकं अडकतं. बेंबीपर्यंत ते आपलं आपण यायला हवं, आणि तोवर नर्सने हात मागे घेऊन नुसतं बघायचं. त्या सबंध वर्षात अंतर ठेवल्याचा नक्की उपयोग झाला, असा गौतमीच्या पाहण्यातला हा एक प्रसंग. पण तो सोपा नव्हता. तिचे दोन्ही हात हवेत होते.

गुडघे आले. मांड्या आल्या. झडपेवर वाफ धरली. गौतमीने कोपराने झडप उडवली. ती उतारावरून गडगडत गेली आणि बराच वेळ तिचा आवाज येत राहिला.

"बेंबी," बनुबाई म्हणाली.

गौतमीने स्वच्छ फडक्यात बाळाची कंबर धरली. पाठ वर. एक खांदा, एक हात. दुसरा खांदा, दुसरा हात. मग सगळं थांबलं. डोकं आत, अंग बाहेर. कळ ओसरली होती.

"समीक्षा, पुढची कळ येईल तेव्हा सगळा जोर. आत्ता श्वास घे."

"होत नाय मला."

"होतंय," दादा तिच्या कानाशी म्हणाले. "होतंय, पोरी. धर मला."

गौतमी मनात आकडे मोजत होती. शंभराच्या पुढे गेली. बाळाच्या अंगाचा रंग तिला आवडत नव्हता. कातळापलीकडून भिकूने विचारलं, "काय झालं?"

"बनुबाई, हाडाच्या वर हात ठेवा. मी सांगेन तेव्हा खाली दाबा. सरळ खाली."

"मला नको शिकवू. तू तुझं बघ."

कळ आली. बनुबाईने दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबले. गौतमीने बाळाच्या गालाच्या हाडांवर दोन बोटं लावून हनुवटी आत घेतली आणि अंग हळूहळू वर उचललं. हनुवटी, तोंड, नाक. कपाळ. आणि मग ते एकदम तिच्या हातांत होतं.

मुलगी होती. पांढुरकी, ढिली, धुतलेल्या फडक्यासारखी. गौतमीने तोंड पुसलं, नळीने घसा साफ केला, पाठ चोळली. बनुबाईने तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही. छातीवर दोन बोटं ठेवली. ठोके होते, पण लांब लांब, वाट चुकलेल्या माणसाच्या हाकांसारखे.

गौतमीने मास्क काढला.

"सिस्टर, मास्क," दादा म्हणाले. सवयीने म्हणाले.

तिने बाळाचं नाक आणि तोंड आपल्या तोंडात घेतलं आणि फुंकलं. गालात मावेल एवढीच हवा. छाती उचलली. परत. परत. समीक्षा मान उचलून बघायचा प्रयत्न करत होती, आणि दादांनी आपल्या हाताने तिचे डोळे झाकले होते. परत. गौतमीच्या तोंडात रक्ताची आणि मिठाची चव होती. ती थांबली, बोटांनी ठोके बघितले, परत वाकली.

भिजलेली काडी पेटीवर ओढावी तसा एक आवाज झाला. मग दुसरा. मग काडी पेटली.

"रडली का?" कातळापलीकडून भिकूने विचारलं. "ओ, रडली का? मला ऐकू आली."

"रडली," बनुबाई म्हणाली. "आता तू रडू नको, बांबू सुटंल."

नाळ बांधली, कापली. इंजेक्शन दिलं. वार पडायला वीस मिनिटं लागली, आणि ती वीस मिनिटं गौतमी रक्त किती जातंय याच्याशिवाय कशाकडेही बघत नव्हती. मग तिने येसाजीला मान हलवून खूण केली. त्याने गाठींच्या दोन्ही बाजूंना कोयता चालवला आणि दहा फूट बांबू ठेवला. भिकू वळणाच्या अलीकडे आला, बाळाकडे पाहिलं, आणि घोंगडीला खेटून खांदा दिला. दादांनी शिट्टी वाजवली नाही. ती पायरीवर राहून गेली होती.

घाटात गाडीतल्या डॉक्टरने बाळाचे श्वास मोजले, आईचा दाब घेतला. "तोंडाने श्वास दिलात?" त्याने गौतमीला विचारलं. ती हो म्हणाली. त्याने ते लिहून घेतलं, "बाळ गुलाबी आहे," एवढं सांगितलं, आणि दार लावलं. फक्त आई आणि बाळ. गाडी पोलादपूरच्या दिशेने उतरून गेली.

दादांच्या सदऱ्याला पुढून रक्त लागलं होतं. ते रस्त्याकडे बघत उभे होते. "सिस्टर," त्यांनी विचारलं, "आता आमी कुठं ऱ्हायचं?"

"शाळेत."

"कोण कोण?"

"सगळेच."

"माझं पांघरूण आणाया सांगा कोणीतरी," बनुबाई म्हणाली.

एका वर्गात पाच पुरुष, दुसऱ्यात दोन बायका. तिसऱ्या दिवशी खालून माणूस येऊन सगळ्यांच्या नाकातलं घेऊन गेला. समीक्षाचंही महाडला घेतलं होतं. रिपोर्ट कोणाचाच आला नव्हता. गौतमी रोज दुपारी खिडकीत बसून सेजलला लिहायची आणि कागद पिशवीत ठेवायची. बनुबाई रोज तिच्या कपाळाला हात लावून बघायची, आणि गौतमी रोज तिला लांब व्हायला सांगायची.

पाचव्या दिवशी सकाळी चंद्रभागा स्वतः रेंजच्या कातळावर चढली. दुपारी ती शाळेच्या पायरीशी आली तेव्हा हातात ताट होतं. दोन नारळ, दोन चोळीचे खण, हळद-कुंकू, तांदळाची भाकरी. पाचवीला सुईणीचा मान असतो.

"फोन लागला," ती म्हणाली. "पोर अंगावर पितेय. दोन दिवस नळी होती, ती काढली. समीक्षा हाताने जेवली." मग तिने ताट वर उचललं आणि पायरीवर पाय ठेवला. "तुमा दोघींची ओटी भरते."

"थांबा तिथंच," गौतमी म्हणाली. "आत नको. माझ्या तोंडात काय गेलंय, मला माहीत नाही. रिपोर्ट येऊ दे."

"आज पाचवी हाय, बाय. उद्या कशी भरू?"

"मग खाली ठेवा आणि जा. आम्ही घेऊ."

"ठेवून जायला हा काय निवद हाय?" चंद्रभागा म्हणाली. तिने पाय मागे घेतला, ताट मांडीवर घेतलं आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसली. "रिपोर्ट आला की भरीन."

"दोन दिवस लागतील."

"लागू देत," ती म्हणाली. "मधी म्हशींना पाणी दाखवून येईन."